दाइकोकुला पहिल्यांदा जाणार असाल तर

"जपानला येतोय. फुजी राहिला तरी चालेल, पण दाइकोकु दाखव." असा निरोप मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. कधी पुण्याहून, कधी नाशिकहून, कधी बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मावसभावाकडून. मी टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. इथे मराठी घरं बरीच आहेत आणि गाड्यांचं वेड असलेली पोरं त्याहून जास्त. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत आलोय, म्हणून आता सगळं एकदा नीट लिहून काढतो.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. दाइकोकुला हौशी लोक आपापल्या खास गाड्या घेऊन जमतात, पण ते प्रदर्शन नाही. ते हायवेवरचं थांबण्याचं ठिकाण आहे, म्हणजे पार्किंग एरिया. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरचा फूड मॉल डोळ्यांसमोर आणा: गाड्या लावायला मोठी जागा, स्वच्छतागृह, खाण्यापिण्याची दुकानं, कॉफीची यंत्रं. योकोहामाच्या त्सुरुमी भागात समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर ते आहे. १९८९ साली योकोहामा बे ब्रिज सुरू झाला, त्याच सुमाराचं हे बांधकाम. भोवती हायवेचे वळसे इतके गोल गोल फिरलेत की वरून बघितलं तर चकलीच वाटावी. (दाइकोकु हे तिकडच्या समृद्धीच्या देवाचंही नाव. तो मूळचा आपला महाकाल, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला.)

इथे तिकीट नाही, आयोजक नाही, मंडप नाही. संध्याकाळी कामं उरकून लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, कॉफी पितात, एकमेकांची इंजिनं बघतात आणि घरी जातात. दुसऱ्याच्या अंगणात भरलेली बैठक आहे ही, आणि पाहुण्यांनी धुडगूस घातला की अंगणाचं दार बंद होतं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं यावर उभं आहे.

पहिली पायरी: विमानात बसण्याआधी गाड्या ओळखायला शिका

नुसतंच "भारी आहे" म्हणत फिरण्यात आणि समोर काय उभं आहे हे कळण्यात फार फरक आहे. सगळ्या गाड्या पाठ करायची गरज नाही. पाच-सहा घराणी ओळखता आली तरी संध्याकाळ सार्थकी लागते.

निस्सान स्कायलाइन जीटी-आर हे पहिलं घराणं. १९६९ची चौकोनी 'हाकोसुका' (हाको म्हणजे खोका), मग १९८९ची आर३२, १९९५ची आर३३, १९९९ची आर३४. आर३२ ते आर३४ या तिन्हींत एकच प्रसिद्ध इंजिन आहे, आरबी२६: सहा सिलिंडर, २.६ लिटर, दोन टर्बो. मागचे चार गोल दिवे दिसले की नव्वद टक्के ओळख पटली. दुसरी टोयोटा सुप्रा, १९९३ साली आलेली, तिच्यात २जेझेड इंजिन. तिसरी माझी सगळ्यात आवडती, माझदा आरएक्स-७. तिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत. त्रिकोणी रोटर अंडाकृती घरात गरगर फिरतात, म्हणून त्याला रोटरी म्हणतात, आणि आवाज असा येतो की डोळे मिटूनही कळतं. १९९१ ते २००२ या काळात बनलेल्या पिढीला सगळे 'एफडी' म्हणतात. मग होंडाची एनएसएक्स, निस्सानच्या सिल्विया, मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन, सुबारूची इम्प्रेझा. आणि १९८३ची टोयोटा एई८६, जिला जपानीत 'हाचि-रोकु' म्हणजे नुसतं 'आठ-सहा' म्हणतात. दिसायला साधी, वजनाला हलकी, ताकद मागच्या चाकांना. ड्रिफ्टिंगचं, म्हणजे वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी चालवण्याचं, सगळं वेड जिच्याभोवती वाढलं ती हीच.

जुनी माहितीपत्रकं चाळलीत तर एक गंमत दिसेल. जीटी-आर, सुप्रा, एनएसएक्स, सगळ्यांची ताकद छापलेली: २८० पीएस (म्हणजे अश्वशक्ती). ती बऱ्याचदा खरी ताकद नव्हे. १९८९पासून जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की यापेक्षा मोठा आकडा जाहीर करायचा नाही, आणि वेगही ताशी १८० किलोमीटरला अडवायचा. २००४ साली होंडाने ३०० पीएसची लेजेंड आणली तेव्हा हा समझोता मोडला. पण मधल्या पंधरा वर्षांत कंपन्यांनी इंजिनं मात्र दणकट बनवून ठेवली. आरबी२६ आणि २जेझेडचे ब्लॉक बिडाचे आहेत, दुप्पट ताकद काढली तरी तग धरणारे. आकड्याला कुलूप आणि आत भरलेलं कोठार, अशी स्थिती. ते कुलूप उघडणाऱ्या कारागिरांचा मग अख्खा धंदाच उभा राहिला: शिझुओकाची एचकेएस, योकोसुकाची माइन्स, चिबाची टॉप सीक्रेट, रोटरीवाली आरई आमेमिया. ही नावं गाडीच्या काचेवर, इंजिनाच्या झाकणावर चिकटवलेली दिसतील.

जपानी नसलेल्या गाड्याही असतात. चाकांवरची मडगार्डं कापून त्यावर रुंद, रिव्हेट ठोकलेली मडगार्डं बसवलेल्या पोर्शे दिसल्या तर त्या बहुधा चिबाच्या नाकाई आकिरा यांच्या हातच्या. तेच लॅम्बोर्गिनी किंवा फेरारीवर दिसलं तर आइचीच्या लिबर्टी वॉकचं काम. शिवाय कार्टूनमधल्या पात्रांनी नखशिखांत रंगवलेल्या 'इताशा', जमिनीला पोट टेकेल अशा बुटक्या केलेल्या 'शाकोतान', आणि ६६० सीसीच्या इवल्याशा केई स्पोर्ट्स गाड्या: होंडा बीट, सुझुकी कॅपुचिनो. त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. मला विचाराल तर दाइकोकुवर सगळ्यात प्रेमाने राखलेल्या गाड्या याच.

नंबरप्लेट वाचायला शिका

हे कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितोय. जपानी नंबरप्लेट म्हणजे गाडीची छोटीशी कुंडलीच. वरच्या ओळीत गावाचं किंवा भागाचं नाव असतं: शिनागावा, योकोहामा, शोनान, गुन्मा. गुन्माची गाडी दिसली की समजा, माणूस शंभराहून जास्त किलोमीटर चालवत आलाय. त्याच्या शेजारचा आकडा ३ ने सुरू झाला तर मोठी गाडी, ५ ने सुरू झाला तर आटोपशीर. केई गाड्यांची पाटी बहुतेक पिवळी. खालचा मोठा आकडा १९९९पासून मालकाला मागून घेता येतो. म्हणून आठ-सहावाल्याकडे ८६ आणि आर३४वाल्याकडे ३४ असतं, आणि ते जुळलेलं बघताना मला दर वेळी आनंद होतो.

दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. त्या मोठ्या आकड्याच्या डावीकडे जपानी लिपीतलं 'वा' हे अक्षर असेल तर गाडी भाड्याची. आणि पाटी हिरवी असेल तर ती पैसे घेऊन प्रवासी किंवा माल नेण्याचा परवाना असलेली. हिरव्या पाटीचा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

दुसरी पायरी: सुरुवात चालत करा

थेट दाइकोकु गाठायची घाई करू नका. आगगाडीने आणि पायी जाता येईल अशा तीन जागा सांगतो. तिथे नजर तयार होते.

योकोहामा स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर निस्सानचं मुख्यालय आहे. खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत फुकट जाता येतं. नव्या गाड्यांबरोबर बहुतेक वेळा एखादी जुनी शर्यतीची गाडीही मांडलेली असते.

दुसरी जागा म्हणजे टोकियोच्या शिनोनोमे भागातलं ऑटोबॅक्सचं मोठं दुकान. नावाला स्पेअर पार्टचं दुकान, पण आत पुस्तकं आहेत, कॉफी आहे, चाकांच्या रांगा आहेत. तिथे रेझ कंपनीचं टीई३७ हे सहा आऱ्यांचं चाक हातात घेऊन बघा. १९९६ साली आलेलं हे चाक जपानी गाड्यांवर आजही जागोजागी दिसतं. एका हाताने उचललंत की समजेल, लोक चाकांवर एवढा खर्च का करतात. खाली पार्किंगमध्येही एक चक्कर मारा. गिऱ्हाइकांच्या गाड्या हेच तिथलं दुसरं प्रदर्शन.

तिसरं म्हणजे टोकियो ऑटो सलोन. जानेवारीत येणार असाल तरच, पण मग चुकवू नका. १९८३ साली 'टोकियो एक्सायटिंग कार शो' या नावाने सुरू झालेला हा सोहळा आता चिबाच्या माकुहारी मेस्से इथे तीन दिवस भरतो. काइहिन-माकुहारी स्टेशनावर उतरून गर्दीच्या मागे चालत राहायचं. तिकीट आधी काढा, बूट आरामाचे घाला.

तिसरी पायरी: गाडीची सोय

दाइकोकुला चालत जाता येत नाही. स्टेशन नाही, पदपथ नाही, बाहेरच्या रस्त्यावरून फाटक नाही. हायवेवरून गाडीनेच आत जायचं आणि गाडीनेच बाहेर पडायचं. म्हणून ही पायरी सगळ्यात महत्त्वाची.

स्वतः चालवायचं असेल तर भारतातून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. अर्ज 'सारथी' संकेतस्थळावरून करता येतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. जपान १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना मानतो आणि भारताचा परवाना त्यात बसतो. सोबत मूळ लायसन्स आणि पासपोर्ट लागतोच. इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे हात लगेच बसतो. फक्त लाल सिग्नलला डावीकडेही वळायचं नाही, आणि रुळ ओलांडण्याआधी फाटक उघडं असलं तरी पूर्ण थांबायचं.

भाड्याची गाडी घेताना ईटीसी कार्ड मागून घ्या. आपल्या फास्टॅगसारखीच सोय आहे. शहरातल्या 'शुतोको' हायवेवर काही फाटकांमधून ईटीसीशिवाय जाताच येत नाही, आणि रोख पैसे भरले तर बहुधा सगळ्यात जास्त टोल लागतो. जीटी-आर किंवा आरएक्स-७ भाड्याने देणारी दुकानंही आहेत. माझं मत: पहिल्या दिवशी घेऊ नका. अनोळखी रस्ता, जपानी पाट्या, घट्ट क्लच आणि डोक्यावर विम्याची मोठी रक्कम अशा अवस्थेत आनंद मिळत नाही. साधी छोटी गाडी घ्या. दाइकोकुवर तिलाही तोच मान असतो.

चालवता येत नसेल तर जाणकार मित्राबरोबर जा, किंवा पैसे देऊन सहलीला जा. हिरव्या पाटीचा मुद्दा इथे येतो. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर गाडीला हिरवी पाटी हवी. खाजगी पांढऱ्या पाटीच्या जीटी-आरमध्ये पर्यटकांना बसवून पैसे घेणं बेकायदा आहे आणि पोलीस त्यावर लक्ष ठेवून आहेत. माझ्या ओळखीचं एक जोडपं अशाच गाडीतून गेलं होतं. चालक त्यांना उतरवून दुसरी गिऱ्हाइकं आणायला निघाला, तेवढ्यात पार्किंग बंद झाल्याची घोषणा झाली. तो परत आत येऊ शकेना. यांना चालत बाहेर पडता येईना. शेवटी एका अनोळखी कुटुंबाने त्यांना आपल्या व्हॅनमधून योकोहामापर्यंत सोडलं. तेव्हा बुकिंग करतानाच विचारा: पाटी कोणत्या रंगाची? टॅक्सीने जाणार असाल तर तीच टॅक्सी थांबवून ठेवा, मीटर चालू राहिला तरी.

चौथी पायरी: वेळ आणि रस्ता

शुक्रवारी, शनिवारी रात्री गर्दी सगळ्यात जास्त आणि बंद होण्याची शक्यताही तेव्हाच सगळ्यात जास्त. अलीकडे शनिवार-रविवारला जोडून पोलीस आणि हायवेवाले संध्याकाळीच पार्किंग रिकामं करतात. म्हणून नवख्या माणसाला मी रविवारची सकाळ सुचवतो. सात-आठला पोचा. जुन्या, निगुतीने ठेवलेल्या गाड्या घेऊन वयस्क मंडळी येतात, त्यांना बोलायला वेळ असतो, उजेड असतो. रात्रीचे दिवे आणि धूर फोटोत छान दिसतात हे खरं. पण गाडी बघायची तर सकाळीच बघावी.

टोकियोहून जाताना 'वांगान' म्हणजे खाडीकाठचा रस्ता धरायचा. हानेदा विमानतळाखालचा बोगदा, मग कारखान्यांची बेटं, मग त्सुरुमी त्सुबासा हा पिवळसर तिरक्या तारांनी तोललेला पूल. तो पूल दिसला की डावी लेन धरा आणि दाइकोकुच्या पाटीकडे डोळे लावून बसा. चुकलात तर थेट बे ब्रिजवर जाल आणि पलीकडे होनमोकूला उतरून परत फिरावं लागेल. या मार्गावर वेगमर्यादा ताशी ८० आहे. शहराच्या आतल्या वर्तुळमार्गावर बहुतेक ठिकाणी ५०. कॅमेरे आहेत आणि ते चालतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात याच रस्त्यांवर मध्यरात्री ताशी अडीचशेहून वेगाने गाड्या पळवणारे गट होते. त्यांच्या कथा वाचायला थरारक आहेत, पण तो काळ संपला आणि दाइकोकुवर येणारे बहुतेक लोक तो परत यावा म्हणून येत नाहीत.

हायवेवरच्या दिव्यांच्या पाट्यांवर लक्ष ठेवा. 'मान्शा' म्हणजे जागा भरली, 'हेइसा' म्हणजे बंद. हे दोन्ही शब्द चित्राक्षरांत (満車, 閉鎖) फोनमध्ये साठवून ठेवा.

पाचवी पायरी: पोचल्यावर

आधी गाडी योग्य जागी लावा. मोठ्या लांब खणांमध्ये नाही, ते ट्रकसाठी आहेत. मी पहिल्या खेपेला नेमकी हीच चूक केली. दहा मिनिटांत एक ट्रकचालक आला, कमरेत वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, तुमची हरकत नसेल तर मला इथे थांबायचंय. जपानमध्ये ट्रकचालकाने चार तास गाडी हाकली की तीस मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. त्याला जागा मिळाली नाही तर त्याचं वेळापत्रक कोलमडतं. ही जागा मुळात त्याच्यासाठी बांधली आहे. आपण पाहुणे आहोत.

उतरल्यावर लगेच फोन काढू नका. एक फेरी नुसती मारा. आवाज ऐका. डोक्यावरच्या वळशांमधून गाडी खाली उतरत असते तेव्हा ती दिसण्याआधी अर्धा मिनिट ऐकू येते. जुन्या मंडळींचे कान टवकारतात, कुणीतरी म्हणतं "रोटरी", आणि खरंच एफडी आत शिरते.

कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. टेकून उभं राहायचं नाही, पाठपिशवी घासणार नाही इतकं अंतर ठेवायचं. मालक जवळ असेल तर मान झुकवून विचारा: "सुमिमासेन, शाशिन तोत्तेमो ई देस का?" म्हणजे माफ करा, फोटो काढला तर चालेल का? जवळजवळ नेहमीच हसून "दोझो" (घ्या ना) असं उत्तर येतं. गाडी आवडली तर "काक्कोई देस ने", म्हणजे भारी दिसतेय, असं म्हणा. इंटरनेटवर फोटो टाकताना नंबरप्लेट झाका. इथे ही रीतच आहे, आणि न झाकणाऱ्याला तोंडावर कुणी बोलणार नाही, पण मनात नोंद होते. आत कुणी बसलं असेल, लहान मूल असेल, तर कॅमेरा खाली.

आणि कृपा करून कुणाला "रेस दे, रेस दे" असं खुणावू नका. उभ्या गाडीचा एक्सिलरेटर दाबून आवाज करायला लावणारे पर्यटक हे पार्किंग बंद पडण्याचं एक मोठं कारण झालंय. मालक नको म्हणायला संकोचतो, पाहुण्याचं मन राखायला एकदा दाबतो, पाच मिनिटांत गस्तीची गाडी येते आणि दीडशे किलोमीटर चालवत आलेल्या माणसाची सकाळ वाया जाते. याची मला मनापासून चीड आहे.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे काय बघायचं ते कळेल. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या एका रविवारी पिवळ्या एफडीपाशी साठीचे एक गृहस्थ उभे होते. मी फोटोची परवानगी मागितली. त्यांनी फोटोआधी बॉनेटच उघडलं. इंजिनाच्या खोलीत धुळीचा कण नाही, पण चकचकाटही नाही. वापरातल्या पितळी समईसारखी ती स्वच्छता होती. ब्रेक ऑइलच्या डबीला टेनिस खेळणारे मनगटाला बांधतात तसला निळा टॉवेलचा पट्टा घातलेला. मी विचारलं, हे कशाला? झाकणातून ऑइलचा थेंब पाझरला तर रंग खातो, म्हणून. मग त्यांनी बोटाने एकेक बोल्ट दाखवला. प्रत्येक बोल्टवरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली. बोल्ट केसभर जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. ते दर शनिवारी टॉर्च घेऊन सगळ्या रेघा तपासतात. गाडी घेतली तेव्हा मुलगी शाळेत होती, आता तिचं लग्न झालंय, असं सांगून त्यांनी झाकण दोन्ही तळव्यांनी दाबून अलगद बंद केलं. आपटलं नाही.

तुमच्या वाट्यालाही असं कुणीतरी येईल. भाषा येत नसेल तर नुसतं बोट दाखवून "कोरे वा?" म्हणजे "हे काय?" विचारलं तरी पुरतं. रंग आणि स्टिकर सगळेच बघतात. तुम्ही बोल्ट बघा, पाइपांच्या क्लिपा बघा, टायर आतून-बाहेरून सारखे झिजलेत का ते बघा.

बंद झालं तर

लाउडस्पीकरवर घोषणा होते, गस्तीच्या गाड्या हळूहळू फिरतात, लोक निमूट निघतात. तुम्हीही निघा, वाद नको. पर्याय आहेत. तात्सुमी पार्किंग एरिया टोकियोच्याच पोटात आहे, लहान आहे, पण तिथून उंच इमारतींचे दिवे सुंदर दिसतात. टोकियो उपसागरातला उमिहोतारू तर भर समुद्रात आहे: १९९७ साली सुरू झालेल्या आक्वा-लाइनवर, जिथे साडेनऊ किलोमीटरचा बोगदा संपून पूल सुरू होतो त्या कृत्रिम बेटावर. तिथे काही बसगाड्याही थांबतात, म्हणजे गाडी नसलेल्यांनाही जाता येतं. मेळावा मात्र तिथे नशिबाचा भाग.

घाट बघायचा असेल तर

डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याला जपानीत 'तोगे' म्हणतात. आपल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, घाट म्हटलं की झालं. चित्राक्षरही बोलकं आहे: डोंगर, वर आणि खाली, तीन चिन्हं एकत्र. टोकियोहून सोयीचा घाट म्हणजे हाकोनेचा. ओदावाराहून निघणारा टर्नपाइक हा टोलचा रस्ता सुमारे चौदा किलोमीटर चढत दाइकानझानला जातो, उंची हजार मीटरच्या वर. तिथल्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी गाड्या जमतात आणि हवा स्वच्छ असेल तर आशी सरोवरामागे फुजी दिसतो. उतरताना इंजिन ब्रेक वापरा, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच वेग रोखा, आपल्या ताम्हिणीत करता तसं. सतत पाय ब्रेकवर ठेवून खाली येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचा जळका वास तिथे ओळखीचा आहे. आणि थर्मासमधला चहा सोडून दुसरं काही प्यायचं नाही. इथे दारू प्यायलेल्या चालकाबरोबर जाणूनबुजून बसलेल्या प्रवाशालाही शिक्षा होते.

इथे राहायला आलात आणि स्वतःची घ्यायची असेल तर

हे नोकरीसाठी आलेल्यांसाठी. आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्ष निघतं, पुढे जपानी लायसन्स लागतं. भारतीय लायसन्स बदलून घेताना लेखी आणि चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ऑक्टोबर २०२५पासून लेखी परीक्षेत दहाऐवजी पन्नास प्रश्न असतात आणि नव्वद टक्के बरोबर यावे लागतात. अभ्यास करूनच जा.

गाडी घेण्याआधी ती ठेवायला जागा आहे हा पोलिसांचा दाखला मिळवायचा, नकाशासकट. मग 'शाकेन', म्हणजे सरकारी तपासणी. नव्या गाडीला तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालामुळे कंपनीने दिलेल्या गाडीत मोठे बदल करता येत नाहीत. इथे करता येतात, पण शाकेनच्या मोजपट्टीत बसले पाहिजेत: जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर उंची, पुढच्या बाजूच्या काचांतून सत्तर टक्के उजेड, सायलेन्सरचा आवाज मर्यादेत. वापरलेली मॉडिफाइड गाडी घेताना शाकेन किती महिने शिल्लक आहे हे पहिलं विचारा, आणि मूळचे काढलेले पार्ट सोबत मिळतात का हे दुसरं.

आर३४चं स्वप्न बघत असाल तर किमतीही बघा. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी गाडी आयात करायला मोकळीक आहे. आर३४ची पंचवीस वर्षं २०२४पासून भरायला लागली, पण भाव त्याच्या कितीतरी आधीच गगनाला भिडले होते. तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीला इथे वार्षिक करही वाढीव लागतो. आरएक्स-७ची आणखी एक गोम आहे: तिचं इंजिन १.३ लिटरचं असलं तरी रोटरी म्हणून कर दीडपट धरून, दोन लिटरच्या गटात भरावा लागतो.

म्हणून माझा सल्ला सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट. आपल्याकडे रस्त्यावर दर दहावी गाडी स्विफ्ट वाटते, पण ही १.४ लिटर टर्बोवाली तिची थोरली बहीण भारतात कधी विकायलाच आली नाही. १४० पीएस, वजन टनाच्या आत, पार्ट मुबलक, विमा परवडणारा. मी पांढरी घेतली. विकणाऱ्याकडे प्रत्येक ऑइल बदलीची पावती तारखेसकट होती, म्हणून घेतली. टर्बो गाडीला दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदललेलं असेल तर बाकीच्या खरचटण्याकडे काणाडोळा करा, आणि पावत्या नसतील तर रंग कितीही चमकत असो, पुढच्या दुकानात जा.